जेनेसी नदीच्या काठाने: लेचवर्थ स्टेट पार्कमधली गॉर्ज ट्रेल, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीहून नायगाऱ्याला निघालेली आपली मंडळी वाटेत लेचवर्थला थांबतात, तीन धबधब्यांचे फोटो काढतात आणि तासाभरात पुढे निघतात. ज्यांना त्या तासाऐवजी अर्धा किंवा पूर्ण दिवस देऊन नदीकाठाने चालायचं आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. धबधबे गाडीतून उतरून पाहता येतात, पण दरी पायी चालल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढची बरीचशी उत्तरं त्याच मताने रंगलेली आहेत.

लेचवर्थ नेमकं कुठे आहे? किती वेळ लागतो?

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, रॉचेस्टरच्या नैर्ऋत्येला साधारण ३५ मैलांवर. रॉचेस्टरहून तासाभरात पोचता येतं. बफेलोहून सव्वा तास धरा, नायगाऱ्याहून दीड ते दोन तास. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने निघालात तर न थांबता पाच तासांच्या आसपास लागतात. सार्वजनिक वाहतुकीने इथे पोचणं व्यवहारात शक्य नाही, गाडी हवीच.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच लक्षात ठेवा. हे पार्क अरुंद आणि लांबच लांब आहे, जवळजवळ १७ मैल. तिन्ही मोठे धबधबे दक्षिण टोकाला आहेत आणि हमरस्त्यावरून येणाऱ्याला लागणारं माउंट मॉरिसचं फाटक उत्तर टोकाला आहे. नकाशात नुसतं पार्कचं नाव टाकलं तर फोन तुम्हाला उत्तरेच्या फाटकाशी नेऊन सोडू शकतो. तिथून धबधब्यांपर्यंत पार्कच्या आतल्या संथ, वळणाच्या रस्त्याने अर्धा तास तरी जातो. रस्ता सुंदर आहे, पण चालायला आला असाल तर तो अर्धा तास मोलाचा आहे. म्हणून नकाशात थेट कॅस्टाइल किंवा पोर्टेजव्हिलचं प्रवेशद्वार टाका.

नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालतो का?

नाही. हे राज्य सरकारचं उद्यान आहे, केंद्र सरकारचं नाही. मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत माणशी नव्हे तर गाडीमागे शुल्क घेतात, साधारण १० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी वर्षात बऱ्याच राज्य उद्यानांत जायचं ठरवलं असेल तर एम्पायर पास घ्यावा.

गॉर्ज ट्रेल म्हणजे कुठली वाट? किती लांब आणि किती अवघड?

पार्कमधल्या वाटांना क्रमांक दिले आहेत आणि गॉर्ज ट्रेल ही क्रमांक एकची वाट. दक्षिणेला अप्पर फॉल्सपाशी सुरू होऊन ती नदीच्या पश्चिम काठाने, बहुतेक ठिकाणी कड्याच्या वरच्या अंगाने, उत्तरेला सेंट हेलिना या आता उठून गेलेल्या गावाच्या बाजूला जाते. एका बाजूचं अंतर ७ मैल, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. परत पायीच यायचं तर दुप्पट.

चढ-उतार आहेत पण दमछाक करणारे नाहीत. दगडी पायऱ्या, झाडांची उघडी मुळं आणि पावसानंतर भरपूर चिखल असतो. चांगल्या पकडीचे बूट घाला. निव्वळ चालायला साडेतीन-चार तास पुरतात, पण इथे कोणी निव्वळ चालत नाही. पावलोपावली कठड्याशी थांबणं होतं, तेव्हा पूर्ण वाटेला पाच तास ठेवा. दोन गाड्या असतील तर एक आधी उत्तरेकडे लावून ठेवायची आणि दुसरीने दक्षिणेला यायचं. आम्हा चालणाऱ्यांची ही नेहमीची सोय.

पूर्ण सात मैल चालायलाच हवं का?

मुळीच नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांनी अप्पर फॉल्स ते लोअर फॉल्स एवढा टप्पा करावा. एका बाजूने दोन मैलांच्या आसपास आहे आणि पार्कमधलं सगळ्यात उत्कट असं जे काही आहे ते याच टप्प्यात येतं.

सुरुवातीला अप्पर फॉल्स, सुमारे ७० फूट. डोक्यावरून रेल्वेचा पूल गेलेला. तिथून अर्ध्या मैलावर मिडल फॉल्स, १०७ फूट, तिघांत सर्वांत उंच. या टप्प्यात वाट पाण्याच्या इतकी जवळून जाते की वसंतात चष्म्यावर तुषार बसतात. मग वाट वर चढते, ग्लेन आयरिस हे लेचवर्थचं जुनं घर (आता तिथे इन आहे) मागे पडतं आणि इन्स्पिरेशन पॉइंट येतो. इथून मागे वळून पाहिलं की वरचा आणि मधला असे दोन्ही धबधबे आणि त्यांच्यामागे पूल, सगळं एका ओळीत दिसतं. लेचवर्थची जी चित्रं तुम्ही पाहिली असतील त्यांतली बरीचशी इथूनच काढलेली असतात.

आणि त्यानंतर येतं ते मला सर्वांत प्रिय. लोअर फॉल्सकडे उतरायला शंभराहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. खाली गेलात की नदी एकदम अरुंद होते, दोन्ही बाजूंच्या खडकांत दाटीवाटीने शिरते आणि तिच्यावर दगडी कमानीचा एक छोटा पायपूल आहे. वरून शांत दिसणारी नदी इथे किती जोराने धावते ते पायाखाली जाणवतं. पार्कच्या आत पायी नदी ओलांडायची जागा हीच. गाडीतून फिरणारे बहुतेक जण पायऱ्या बघून इथे उतरत नाहीत. गुडघे साथ देत असतील तर तुम्ही उतरा.

लोअर फॉल्सच्या पुढे चालण्यात अर्थ आहे का?

धबधबेच बघायचे असतील तर नाही. दरी बघायची असेल तर खरी सुरुवातच तिथून होते. ग्रेट बेंडपाशी नदी मोठं वळण घेते आणि कडे साडेपाचशे फुटांपर्यंत उंच होतात. खाली नदीची रेघ, समोर थरांवर थर रचलेली भिंत आणि तुमच्या नजरेच्या खालच्या पातळीवर पंख न हलवता घिरट्या घालणारी टर्की गिधाडं. वुल्फ क्रीकचा ओढा आपला छोटा धबधबा घेऊन दरीत उतरतो. गर्दी मागे पडलेली असते. शनिवार-रविवारीसुद्धा या भागात दहा-दहा मिनिटं कोणी भेटत नाही.

सह्याद्रीत खूप भटकलो आहोत. इथे कड्याच्या टोकाला जाऊन बसलं तर काय बिघडतं?

या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन वाचा.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, कातळाचा. आपल्या पायांना त्या कातळाची सवय आहे आणि त्यामुळे कड्याच्या टोकावर पाय टाकताना आपण नकळत त्यावर भरवसा ठेवतो. जेनेसीची दरी शेल, गाळखडक आणि वालुकाश्म यांच्या पातळ थरांची आहे. शेल हा मुळात समुद्रतळाशी साठलेला चिखल. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी थरांत शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, थर ढिले होतात आणि कड्याचं टोक खालून पोखरलं जातं. वरून गवत उगवलेली, भक्कम वाटणारी जागा प्रत्यक्षात हवेत पुढे आलेला एक थर असू शकते.

म्हणून दगडी कठडा ओलांडायचा नाही. फोटोसाठी नाही, क्षणभरासाठी नाही, पुढे आणखी दोन जण उभे आहेत म्हणून तर नाहीच. कठडा नसलेल्या ठिकाणी वाटेवरच राहा आणि मुलांचा हात धरा. या दरीत पडून माणसं दगावली आहेत. अनुभवी ट्रेकर असणं इथे कामी येत नाही, कारण तो अनुभव वेगळ्या दगडावरचा आहे.

ही दरी झाली कशी?

खडक खूप जुने आहेत. डेव्होनियन काळातले, साडेतीनशे दशलक्ष वर्षांहून जुने. त्या काळी इथे उथळ समुद्र होता. दरी मात्र भूशास्त्राच्या हिशोबाने अगदी अलीकडची. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेल्या गाळमातीने जेनेसीचं जुनं खोरं पोर्टेजव्हिलजवळ बुजवून टाकलं. बर्फ सरल्यावर नदीला जुनी वाट बंद झालेली आढळली. तिने नवी वाट शोधली आणि ती शोधताना जो मऊ खडक वाट्याला आला तो कापत खाली गेली. हे सगळं गेल्या दहा-पंधरा हजार वर्षांतलं आहे आणि अजून थांबलेलं नाही. कड्याखाली पडलेले ताजे दगड दिसतील ते याच कामाचे.

जेनेसी उत्तरेकडे वाहते याचं अनेकांना नवल वाटतं. ती पेनसिल्व्हेनियात उगम पावते, न्यूयॉर्क राज्य दक्षिणोत्तर पार करते आणि रॉचेस्टरमधून जाऊन ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. त्यामुळे अप्पर फॉल्सकडून लोअर फॉल्सकडे चालताना तुम्ही उत्तरेला, प्रवाहाच्या दिशेनेच जात असता.

नदीत उतरता येतं का?

नाही. पोहायला, डुंबायला बंदी आहे. लोअर फॉल्सजवळचे सपाट खडक मोहात पाडतात, पण ते निसरडे आहेत आणि पाणी दिसतं त्याहून जोरात ओढतं. पोहायचंच असेल तर हायबँक्सच्या भागात उन्हाळ्यात तलाव असतो.

आई-बाबा भारतातून आले आहेत, गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवता येईल?

बरंच काही. अप्पर फॉल्स आणि मिडल फॉल्स यांच्या जवळ वाहनतळ आहेत, थोडं चालून दोन्ही दिसतात. इन्स्पिरेशन पॉइंटला तर गाडीतून उतरलं की समोरच दृश्य. ग्रेट बेंडही तसंच. लोअर फॉल्सच्या पायऱ्या मात्र त्यांना उतरायला लावू नका. उतरताना उत्साह असतो, त्रास वर येताना होतो.

एक सुचवतो. ज्येष्ठांना ग्लेन आयरिसच्या हिरवळीवर बसवून बाकीच्यांनी घाईघाईत ट्रेल उरकून येणं हे दोघांनाही सुखाचं होत नाही. त्यापेक्षा त्यांना इन्स्पिरेशन पॉइंटहून मिडल फॉल्सच्या दिशेने हळूहळू, काठी घेऊन, जमेल तेवढं चालवा. आयुष्यभर चाललेल्या माणसांना नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा अर्धा मैल त्यांच्या गतीने चालणं त्यांना जास्त आवडतं.

लहान मुलांना नेता येईल का?

पाच-सहा वर्षांची, चालणारी मुलं अप्पर ते मिडल फॉल्सचा टप्पा आनंदाने करतात. बाबागाडी या वाटेवर चालत नाही, तान्ह्या बाळाला पाठीवर किंवा पोटाशी बांधून न्या.

स्वमग्न मुलं असलेल्या कुटुंबांना आवर्जून सांगायला हवं: २०२१ साली इथे ऑटिझम नेचर ट्रेल सुरू झाली. साधारण मैलभराची, सपाट, वळसा घालून परत येणारी वाट आहे. वाटेत स्पर्श, आवाज, हालचाल यांचा विचार करून तयार केलेले थांबे आहेत आणि मूल बावरलं तर शांत बसता येईल अशा जागाही. जवळच हम्फ्री नेचर सेंटर आहे. ज्या पालकांना गर्दीच्या सहली टाळाव्या लागतात त्यांनी ही वाट जरूर पाहावी.

कुठल्या महिन्यात यावं?

पाणी बघायचं तर एप्रिल-मे. बर्फ वितळून नदी भरलेली असते आणि मिडल फॉल्सचा आवाज ग्लेन आयरिसच्या दारापर्यंत येतो. रंग बघायचे तर ऑक्टोबरचा मध्य. मेपल, ओक, बीच सगळे पेटलेले असतात, पण तेव्हा शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. मधल्या वारी या किंवा सकाळी आठच्या आत पोचा. जुलै-ऑगस्टमध्ये झाडी गर्द असते आणि पाऊस कमी झाला असेल तर धबधबे रोडावलेले. नायगाऱ्याला नेहमीच पाणी असतं, म्हणून इथेही असेल असं समजू नका. जेनेसी पावसावर आणि बर्फावर जगते.

माझी आवड विचाराल तर मे महिन्याचा दुसरा पंधरवडा, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला.

अप्पर फॉल्सवरचा पूल जुना आहे का? त्यावरून चालता येतं का?

सध्याचा पोलादी कमानीचा पूल २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. त्यावरून मालगाड्या जातात, चालायला परवानगी नाही. पण या जागेवर पुलांची परंपरा मोठी आहे. १८५२ मध्ये इथे अवाढव्य लाकडी पूल उभारला होता, तो १८७५ मध्ये जळून खाक झाला. त्याच वर्षी काही महिन्यांत लोखंडी पूल उभा राहिला आणि तो, मध्ये डागडुजी होत, या शतकापर्यंत टिकला. तुम्ही खाली उभे असताना वरून मालगाडी गेली तर तो योग समजा.

लेचवर्थ हे नाव कोणाचं?

विल्यम प्रायर लेचवर्थ, बफेलोचा कारखानदार, जन्म १८२३. घोड्यांच्या खोगिरांना लागणाऱ्या धातूच्या सामानाचा त्याचा व्यवसाय होता. १८५९ मध्ये त्याने मिडल फॉल्सजवळ जमीन घेतली, घर नीट केलं आणि त्याला ग्लेन आयरिस नाव दिलं. लाकूडतोडीने उजाड झालेल्या उतारांवर त्याने झाडं लावली. पुढे धंदा सोडून अनाथ मुलं, मनोरुग्ण, अपस्माराचे रुग्ण यांच्या संस्था सुधारण्यात त्याने उरलेलं आयुष्य घातलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्टेजजवळ धरण बांधण्याच्या हालचाली सुरू झाल्या. तसं झालं असतं तर आज आपण जिथे चालतो तो भाग कायमचा बदलला असता. लेचवर्थने १९०६ मध्ये आपली सुमारे १००० एकर जमीन न्यूयॉर्क राज्याला देऊन टाकली. हयातीपर्यंत तिथे राहण्याचा हक्क तेवढा ठेवला. १९१० मध्ये तो गेला. आज पार्क १४ हजार एकरांहून मोठं आहे.

तुम्ही ज्या कठड्यांना टेकून उभे राहता, ज्या दगडी टेबलांवर डबा उघडता, ते बहुतेक १९३० च्या दशकातलं काम आहे. महामंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये घेतलं आणि त्यांच्या छावण्या इथे होत्या. रस्ते, पायऱ्या, केबिन, भिंती त्यांनी उभारल्या. दगड इतक्या जिव्हाळ्याने बसवलेले आहेत की थांबून हात फिरवावासा वाटतो.

त्याआधी इथे कोण राहत होतं?

सेनेका लोक, हॉडेनोशोनी राष्ट्रसंघातलं एक राष्ट्र. हे खोरं त्यांचं होतं. १७७९ मध्ये अमेरिकन क्रांतियुद्धात जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. १७९७ च्या बिग ट्री तहाने जेनेसीच्या पश्चिमेची बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली. मिडल फॉल्सच्या सौंदर्याने सूर्यही भर दुपारी क्षणभर थबकतो, अशी त्यांची कथा सांगतात.

ग्लेन आयरिसच्या वर टेकाडावर सेनेकांचं जुनं सभागृह आहे, लाकडी ओंडक्यांचं. ते कॅनेडिया गावातून आणून इथे पुन्हा उभं केलं आणि १८७२ मध्ये तिथे सेनेका वंशजांची सभा भरली. शेजारी मेरी जेमिसनची कबर आहे. १७५० च्या दशकातल्या लढायांत पकडलेली ही मुलगी सेनेकांमध्ये वाढली, त्यांच्यातच तिने संसार केला आणि परत जाण्याची संधी असूनही गेली नाही. १८३३ मध्ये ती बफेलोजवळ वारली. १८७४ मध्ये तिचे अवशेष इथे आणले गेले. वाहनतळापासून हे ठिकाण फार लांब नाही, तरी अगदी थोडे लोक वर जातात. वीस मिनिटं काढा. या वाटेला माणसांचा इतिहास आहे हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

सेंट हेलिना नावाचं गाव नकाशात दिसतं, तिथे काय आहे?

आता गाव नाही. नदीच्या सखल काठावर एकेकाळी घरं, गिरण्या, दफनभूमी होती. उत्तरेला माउंट मॉरिसचं धरण बांधायचं ठरल्यावर उरलीसुरली वस्ती उठली आणि कबरीसुद्धा हलवल्या. रॉचेस्टरला पुराचा जुना त्रास, १८६५ चा पूर तर फार मोठा. त्यासाठी १९५० च्या सुमारास हे धरण झालं. एरवी ते नदीला मोकळी वाहू देतं आणि पूर आला की पाणी अडवतं. १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या वेळी जलाशय काठोकाठ भरला होता. उत्तर टोकाहून परतणार असाल तर धरणाच्या सज्जावरून बघा.

पूर्वेच्या काठाने चाललं तर?

शांत, लांब आणि धबधबे जवळजवळ न दाखवणारी वाट आहे. क्रमांक सातची ट्रेल. फिंगर लेक्स ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेची शाखा तिकडून जाते. काही ठिकाणी जुन्या जेनेसी व्हॅली कालव्याच्या काठाने जाता येतं. कालवा खोदणाऱ्यांनी इथे बोगदा काढायचा प्रयत्न केला होता. खडक इतका ढिला निघाला की तो सोडून द्यावा लागला. पहिल्या भेटीत पश्चिम काठच करा.

खाण्यापिण्याचं काय?

डबा घेऊनच या. ग्लेन आयरिस इनमध्ये हंगामात जेवण मिळतं, पण ट्रेलवर काहीच मिळत नाही. थालीपीठ, दशम्या, सुकी चटणी, काकडी आणि माणशी दीड-दोन लिटर पाणी. शेगड्या ठरलेल्या सहलीच्या जागी आहेत, इतरत्र विस्तव करायचा नाही. खरकटं, साली, पिशव्या सगळं परत न्या. साल कुजते म्हणून कड्यावरून खाली भिरकावणारे पाहिले की जीव तुटतो.

प्राणी, किडे यांची भीती आहे का?

हरणं दिसतील, टर्की पक्षी दिसतील. काळजी घ्यायची ती गोचिडांची, कारण त्यांच्यातून लाइम रोग होतो. पायघोळ पँट, मोजे वर ओढलेले, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासणी. पॉयझन आयव्ही या वेलीची तीन-तीन पानं एका देठावर असतात, तिला हात लावू नका. शरदात पार्कच्या काही भागांत परवान्याने शिकार चालते. त्या दिवसांत भडक नारिंगी जॅकेट किंवा टोपी घाला.

कुत्रा आणि ड्रोन?

कुत्रा चालतो, पण पट्टा सहा फुटांहून लांब नको. ड्रोन परवान्याशिवाय उडवता येत नाही. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि ताटातूट झाल्यास कुठे भेटायचं ते गाडीतच ठरवा.

हिवाळ्यात ट्रेल खुली असते का?

पार्क खुलं असतं, ट्रेल पूर्ण नाही. पायऱ्यांवर बर्फाचा थर बसतो, म्हणून लोअर फॉल्सकडचा उतार आणि दरीलगतचे काही भाग साखळी लावून बंद करतात, आतले काही रस्तेही. साखळी ओलांडू नका. वरच्या ठिकाणांवरून गोठलेले धबधबे दिसतात आणि कडाक्याच्या वर्षी ग्लेन आयरिससमोरच्या कारंज्याभोवती बर्फाचा मोठा शंकू तयार होतो, तो पाहायला लोक लांबून येतात. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे बरोबर असू द्या. वसंतातही दरड कोसळून एखादा टप्पा बंद असू शकतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या कार्यालयात फोन करून कुठला भाग चालू आहे ते विचारून घ्या.